गुडघा मागे चाललाय, हे कोणाला सांगायचं?

गुडघ्यातल्या लिगामेंटच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्व सर्जन मंडळींस, आणि त्यांच्या वतीने पेशंटचे फोन उचलणाऱ्या सहायक डॉक्टरांस,

सप्रेम नमस्कार.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. तुम्ही टाके काढता आणि गुडघा माझ्याकडे पाठवता. गेली सतरा वर्षं हेच चाललंय. तुमच्या कारागिरीबद्दल मला काडीचीही शंका नाही. हाडात बोगदा कुठे पाडला, ग्राफ्ट (तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवलेली दोरी) किती ताणून बसवला यावर बोलण्याची माझी पात्रताही नाही. हे पत्र ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्याबद्दल आहे, त्या दिवसांत गुडघ्यात गुपचूप डोकं वर काढणाऱ्या संसर्गाबद्दल. त्या दिवसांत गुडघा तुमच्या नजरेआड असतो आणि माझ्या समोर असतो. तरीही तो दोघांच्या हातून निसटू शकतो. माझ्या हातून एकदा निसटला. आधी माझी चूक सांगते, म्हणजे पुढचं बोलायला तोंड राहील.

माझ्याकडे एक वही असते. पेशंटच्या नावाखाली ऑपरेशनपासूनचा दिवस आणि त्या दिवशी गुडघा किती अंश वाकला तो आकडा, एवढंच तिच्यात असतं. एका मुलीच्या पानावर लिहिलंय: दहावा दिवस ८८, बारावा ९४, चौदावा ८१. विशीतली खेळाडू, मांडीमागच्या हॅमस्ट्रिंगचा ग्राफ्ट, ऑपरेशन दृष्ट लागावी इतकं छान झालेलं. बाराव्या दिवशी टाके निघाले, जखम कोरडी. चौदाव्या दिवशी ८१ लिहिताना माझं पेन अडखळलं नाही. मला वाटलं, पोरगी घरी व्यायाम टाळतेय. तसं मी तिला बोललेही. पंधराव्या दिवशी ७६. मी टाचेखाली हात घालून जोर लावला. ती म्हणाली, "मॅडम, आज हा गुडघा माझा वाटतच नाहीये." मी म्हणाले, "सुरुवातीला सगळ्यांनाच असं वाटतं."

सगळ्यांना वाटत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. रात्री ती दोन-दोनदा उठून बसत होती. पाय हलवला नाही तरी आतून ठणका. ताप विचाराल तर ९९.४, म्हणजे कणकणसुद्धा म्हणता येणार नाही. गुडघा गरम होता, पण ऑपरेशन झालेला कुठला गुडघा पंधरा दिवसांत थंड पडतो?

सोळाव्या दिवशी आकडा ७२ वर आला तेव्हा मी ऑपरेशन झालं त्या हॉस्पिटलला फोन लावला. पलीकडचा डॉक्टर चांगला होता, उद्धट मुळीच नव्हता. जखम कशी आहे विचारलं, ताप विचारला, पू येतोय का विचारलं. सगळ्यांना मी 'नाही' म्हणाले. "मग सूज असतेच हो मॅडम. बर्फ लावा, पाय उशीवर ठेवा. मी पाच दिवसांची अँटिबायोटिक लिहून पाठवतो, खबरदारी म्हणून." मलाही हायसं वाटलं, हे कबूल करते. गोळीने दोन दिवस ठणका उतरला, अठराव्या दिवशी आकडा ७९ झाला. मी तिला म्हणाले, "बघ, म्हटलं नव्हतं?" गोळ्या संपल्या आणि गुडघा पुन्हा फुगला. बाविसाव्या दिवशी सर्जननी स्वतः पाहिलं, लगेच सुई घातली. आलेलं पाणी गढूळ होतं. कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून बघतात त्यात, काहीच उगवलं नाही. पाच दिवसांच्या गोळीने तेवढं काम मात्र चोख केलं होतं. गुडघा दुर्बिणीतून दोनदा धुवावा लागला. दुसऱ्या वेळी सांध्याच्या आवरणाचे तुकडे कल्चरला पाठवले, त्यांतल्या एकात सहाव्या दिवशी जंतू सापडला. स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस. तुमच्या-माझ्या कातडीवर जन्मभर राहणारा, एरवी निरुपद्रवी.

ग्राफ्ट वाचला. गुडघा मात्र आजही पूर्ण सरळ होत नाही, आठ अंश कमी पडतात. आठ अंश ऐकायला किरकोळ वाटतात. प्रत्येक पावलाला मांडीच्या पुढच्या स्नायूला विश्रांतीच न मिळणं म्हणजे काय, ते तिला विचारा.

तुम्हाला हे सगळं पाठ आहे, तरी मी पुन्हा मांडते, कारण फोनवर ते आठवत नाही असा माझा अनुभव आहे. स्टॅफिलोकॉकस ऑरियस गुडघ्यात शिरला तर तो दवंडी पिटत येतो: ताप, लालबुंद गुडघा, पाय जमिनीला टेकवता येत नाही. तो कोणाच्याही लक्षात येतो. या ऑपरेशननंतर जास्त वेळा सापडतो तो त्याचा मवाळ भाऊ, कातडीवरचा. तो घाईत नसतो. शिवणीचा धागा, स्क्रू, बटण, खुद्द ग्राफ्ट, जिथे बूड टेकता येईल तिथे तो बसतो आणि स्वतःभोवती चिकट पडदा विणतो. त्या पडद्याआड औषध नीट पोहोचत नाही आणि शरीराच्या पांढऱ्या पेशीही फारसं काही करू शकत नाहीत. ग्राफ्टला सुरुवातीचे काही आठवडे स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. आपण 'नवीन लिगामेंट' म्हणतो खरं, पण त्या दिवसांत ती रक्ताविना पडलेली दोरी असते, आणि रक्त जात नाही तिथे रक्तातून जाणारं औषधही मोजकंच जातं.

शिवाय कूर्चेची, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत अस्तराची, नासाडी करणारे सगळेच काही जंतू नसतात. त्यांच्यावर धावून गेलेल्या आपल्याच पेशी जी पाचक द्रव्यं सोडतात, ती कूर्चेलाही खातात. कूर्चेला रक्तवाहिन्या नाहीत, ती पुन्हा उगवत नाही, आणि हे नुकसान दिवसांच्या हिशेबात होतं. दुर्बिणीतून दिसणाऱ्या संसर्गाच्या गेख्टर यांनी १९८५ मध्ये पाडलेल्या चार पायऱ्या तुम्ही ऑपरेशनच्या नोटमध्ये लिहिता. पहिल्या पायरीवर पाणी गढूळ आणि आवरण लाल. चौथीवर आवरण कूर्चेवर चढलेलं, हाड पोखरलेलं, एक्स-रेमध्येसुद्धा दिसणारं. ती मुलगी कोणत्या पायरीवर सापडली हे तिच्या कागदात आहे. सोळाव्या दिवशी ती कोणत्या पायरीवर होती, हे आता कोणालाच कळणार नाही.

मान्य आहे की हे क्वचित घडतं. बहुतेक मोठ्या अभ्यासांत शंभर ऑपरेशनांमागे एकाच्या आसपास, बरेचदा त्याहून कमी. वर्षाला पन्नास लिगामेंट करणाऱ्या सर्जनला असा गुडघा दोन वर्षांतून एकदा दिसेल, किंवा दिसणारही नाही. त्यांच्याकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या सहायकाला तर पुस्तकातच दिसेल. आणि फोन उचलतो तो सहायक. त्याला रोज दहा फोन येतात, दहाही सुजेचे असतात, आणि 'सूज असतेच' हे उत्तर तो देतो तेव्हा बहुतेक वेळा ते बरोबरच ठरतं. मी त्याच्यावर चिडू शकत नाही. महिनोन्महिने बरोबर ठरलेलं उत्तर माणूस कशाला बदलेल? त्याच्यासमोर गुडघा नसतो, आणि तुम्ही त्याच्या हाती दिलेली यादी तीन शब्दांची असते: ताप, लाली, पू.

तुमच्या डिस्चार्ज कार्डावरही हेच तीन शब्द असतात. ती दवंडी पिटणाऱ्या जंतूची यादी आहे. मवाळ जंतू या तिन्हींना चुकवून येऊ शकतो. ताप न येणं तर आपणच सोपं करून ठेवतो. दुखण्यासाठी दिवसातून तीनदा पॅरासिटामॉल आपणच लिहून दिलेलं असतं, वर 'ताप आला तर कळवा' असंही सांगतो. आणि जखम? टाके सुंदर जुळलेले आणि आत सांधा नासतोय, हे दोन्ही एकाच वेळी असू शकतं. जखम बघून सांध्याबद्दल निर्वाळा देऊ नका, एवढीच विनंती.

मग काय बघायचं? माझं म्हणणं साधं आहे: दिशा बघा. ऑपरेशन झालेला गुडघा दुखतो, सुजतो, गरम असतो, कमी वाकतो. या चारांपैकी एकही गोष्ट एकटी काही सांगत नाही. पण बरा होणारा गुडघा रोज कणाकणाने पुढे सरकतो. एखादा दिवस जागीच थांबेल, जास्त चालणं झालं तर एखादा दिवस रुसेल. सलग दोन-तीन दिवस मागे चालत नाही. वाढत गेलेला कोन कमी व्हायला लागला, विसाव्यालाही ठणका, ओसरलेली सूज परत चढली, तर तो गुडघा बोलतोय. ९४ नंतर ८१. माझ्या वहीत ते लिहिलेलं होतं, वाचलं कोणी नाही. मीसुद्धा.

तुमच्या रक्ततपासणीचंही तसंच. सीआरपी (दाह झाला की यकृत रक्तात सोडतं ते प्रथिन) ऑपरेशननंतर वाढतोच, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत वर जातो, मग उतरायला लागतो आणि साधारण दोन आठवड्यांत जवळपास जागेवर येतो. तो भरभर उतरणारा आहे. यकृताने तयार करणं थांबवलं की एकोणीस-वीस तासांत निम्मा होतो. म्हणूनच उतरलेला सीआरपी पुन्हा चढणं ही मोठी खूण. पण चढला हे कळायला आधीचा आकडा हवा. तो कोणाकडे असतो? बहुतेक ठिकाणी पहिला सीआरपी शंका आल्यावरच होतो, आणि मग 'ऑपरेशनमुळे असेल' म्हणायला जागा राहते. ईएसआर (रक्तातल्या लाल पेशी खाली बसण्याचा वेग) आठवडेच्या आठवडे वर राहतो, या कामी त्याचा फारसा उपयोग नाही. टाके काढायला येणाऱ्या पेशंटचा एक सीआरपी करून ठेवला तर पुढे शंका आली की तुलना करायला काहीतरी हाताशी असेल. हे फिजिओथेरपिस्टने सांगणं आगाऊपणाचं वाटेल. वाटू दे.

आता सुईबद्दल, कारण माझा खरा आग्रह तिथे आहे.

सुई घालायला तुम्ही कचरता, हे मी पाहिलंय, आणि कारणंही समजतात. सुईनेच जंतू आत गेला तर? आत ऑपरेशनचं रक्त असणारच, त्यातून काय कळणार? पेशंट आधीच धास्तावलेला, 'पू झालाय का बघू' म्हटलं की घरचे हवालदिल होणार. यातलं पहिलं कारण वजनदार आहे, पण नीट स्वच्छता पाळून घातलेल्या सुईचा धोका फार थोडा असतो, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंय. दुसऱ्याचं उत्तर प्रयोगशाळेत आहे: पेशी मोजा, त्यांत न्यूट्रोफिल (जंतूंवर धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी) किती ते बघा, ग्रॅम स्टेन (रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली जंतू शोधणं) करा, कल्चर लावा. रक्तमिश्रित पाण्याचंही कल्चर होतं. मात्र पुस्तकातली मायक्रोलिटरला ५०,००० पांढऱ्या पेशींची रेघ लक्ष्मणरेषा मानू नका. ताज्या ऑपरेशनच्या गुडघ्यात, मवाळ जंतू असताना, आकडा याच्या बराच खाली राहू शकतो. ग्रॅम स्टेनमध्ये काही दिसलं नाही म्हणजे जंतू नाही, असंही नाही. कल्चरवाल्यांना सांगा की हा ऑपरेशनचा गुडघा आहे, दोन दिवसांत 'वाढ नाही' लिहून कल्चरची प्लेट टाकून देऊ नका. काही जंतू, विशेषतः क्युटिबॅक्टेरियम, दिसायला दहा-बारा दिवस घेतात. चौदा दिवस ठेवलं तर काही बिघडत नाही.

तिसरं कारण, घरच्यांची घबराट. त्याबद्दल एवढंच सांगते की घबराट ती गोळी घेऊनही होतेच. पंधरा दिवस उशिरा.

फोनवरची अँटिबायोटिक बंद करा. या पत्रातली एकच गोष्ट तुमच्या लक्षात राहणार असेल तर ती ही असू दे. तोंडाने घेतलेली पाच दिवसांची गोळी सांध्यातला आणि धाग्यावर बसलेला जंतू संपवत नाही. ती त्याला थोडा दाबते, पेशंटला बरं वाटतं, फिजिओथेरपिस्टला बरं वाटतं, डॉक्टरलाही. सगळ्यांना बरं वाटत असताना कूर्चा झिजत राहते. आणि मग सुई घातली तरी कल्चर कोरं येतं, पुढचे सहा आठवडे कोणत्या औषधावर काढायचे ते अंदाजाने ठरवावं लागतं. आधी पाणी काढा, मग औषध. पेशंट थंडी वाजून गळाठला असेल, रक्तदाब घसरत असेल तर अर्थातच तासभरही थांबायचं नाही. पण तेव्हाही सुईला पाच मिनिटं लागतात. 'खबरदारी म्हणून' ऑपरेशननंतर घरी चालू ठेवलेल्या गोळ्यांचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलंय की ऑपरेशन संपल्यावर प्रतिबंधक अँटिबायोटिक लांबवत नेऊ नये. चिरा देण्याआधीचा डोस वेळेवर जाणं जास्त मोलाचं. तो वेळेवर गेला का हे विचारणारी ओळ तुमच्या ओटीतल्या (ऑपरेशन थिएटरमधल्या) तपासणी-यादीत २००८ पासून आहे.

ओटीच्या दारापलीकडे माझं काही चालत नाही, तरी एक प्रश्न विचारून घेते. ग्राफ्ट व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकमध्ये भिजवता का? पायातून काढलेली हॅमस्ट्रिंगची दोरी बाजूच्या टेबलावर साफ होते, शिवली जाते, मापली जाते, आणि तेवढ्यात कातडीवरचे जंतू तिला चिकटू शकतात. ऑस्ट्रेलियातल्या क्रिस्टोफर व्हर्टुलो आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये आपले आकडे मांडले: नुसत्या शिरेतल्या अँटिबायोटिकवर केलेल्या २८५ गुडघ्यांत चार संसर्ग, नंतर ग्राफ्ट व्हँकोमायसिनच्या द्रावणात, मिलिलिटरला पाच मिलिग्रॅम, गुंडाळून ठेवायला लागल्यावर ८७० गुडघ्यांत एकही नाही. २०१६ मध्ये बार्सिलोनाच्या सर्जननी तसाच हिशेब दिला: आधी ८१० मध्ये पंधरा, नंतर ७३४ मध्ये शून्य. हे दोन्ही 'आधी आणि नंतर'चे हिशेब आहेत, चिठ्ठ्या टाकून केलेले प्रयोग नव्हेत, त्यामुळे दरम्यान बदललेल्या इतर गोष्टींचाही त्यात वाटा असू शकतो. तरी पाण्यात विरघळवलेली थोडीशी पूड आणि एक गॉझ, एवढ्यावर भागत असेल तर न करण्याचं कारण मला समजत नाही. करत असाल तर कार्डावर लिहा. आणि लक्षात ठेवा की त्याने शक्यता घटते, तुमच्या फोनवरच्या माणसाला सुट्टी मिळत नाही.

आणखी एक गंमत (गंमत कसली) सांगायची राहिली. गुडघ्यात दाब वाढला की सूज पोटरीत उतरते. मग सगळ्यांना आधी आठवते ती रक्ताची गुठळी, आणि ते योग्यच. डॉपलर (शिरांची सोनोग्राफी) होतो, शिरा मोकळ्या निघतात, घरचे हुश्श करतात, आणि पेशंट 'सगळं नॉर्मल' घेऊन माझ्याकडे परत येतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. डॉपलर स्वच्छ आला म्हणजे पोटरीच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. गुडघ्याचा प्रश्न अजून कोणी विचारलेलाच नसतो.

आमच्या धंद्याचा दोषही मोठा आहे, तो मी झाकणार नाही. ऑपरेशनआधी आणि नंतर आम्ही पेशंटला एकच धडा देतो: दुखणार, घाबरायचं नाही, दुखलं तरी करायचं. धडा चुकीचा नाही. पण तो मनावर घेतलेला पेशंट खरं दुखणंही गिळून टाकतो. कुरकुर करणारा बचावतो, कारण तो चार वेळा फोन करतो. शहाण्या पेशंटचीच मला आता जास्त भीती वाटते. ती मुलगी शहाणी होती. मी जोर लावला आणि तिने दात आवळून लावू दिला. आता माझ्याकडे नियम आहे: गरम आणि मागे चाललेल्या गुडघ्याला हात लावायचा नाही, वाकवायचा तर मुळीच नाही, त्याच दिवशी सर्जनकडे पाठवायचा. कोणाला हा नियम भित्रेपणाचा वाटला तरी माझी हरकत नाही.

कार्डावर 'ताप, लाली, पू' राहू दे, पण त्याखाली साध्या भाषेत चार ओळी घाला: काल जेवढा वाकत होता त्यापेक्षा आज कमी वाकतोय का? ओसरलेली सूज परत आली का? पाय न हलवताही रात्री झोपमोड होते का? कालपेक्षा आज वाईट, असं दोन दिवस वाटलं तर ताप नसला तरी या. आणि फोन उचलणाऱ्याच्या टेबलावर एकच प्रश्न चिकटवा: "कालच्यापेक्षा कसा आहे?" त्या सोळाव्या दिवशी मला हे कोणी विचारलं असतं तर मी वही उघडून आकडे वाचून दाखवले असते, आणि वाचता वाचता मलाच ऐकू आलं असतं.

संसर्ग निघालाच तर तो शब्द उच्चारा, हेही सांगायला हवं. "थोडं पाणी झालंय, धुऊन घेऊ" असं सांगितलेले, आणि कागदावर नुसतंच 'लव्हाज' लिहिलेले पेशंट माझ्याकडे येतात. कशासाठी धुतलं, काय उगवलं, कोणतं औषध किती दिवस, काही नाही. ताकाला जाऊन भांडं का लपवायचं? लवकर पकडला, भरपूर पाण्याने धुतला, लागलं तर पुन्हा धुतला, साधारण सहा आठवडे औषध दिलं, तर बहुतेक गुडघ्यांत ग्राफ्ट काढावाही लागत नाही. ही सांगण्यासारखी गोष्ट आहे. पेशंटला वाटत असतं की ऑपरेशन वाया गेलं, आणि तुमचं मौन त्या समजावर शिक्का मारतं. पुढे तोच पेशंट दुसरीकडे गेला, तिथे कोणी त्याच गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायचं ठरवलं, तर कागदावर हा एक शब्द असण्या-नसण्याने फार फरक पडेल. तुमचा स्वतःचा हिशेबही त्यावाचून खोटाच राहतो. काही संसर्ग महिन्या-दोन महिन्यांनी वर येतात, तोवर पेशंट रागावून दुसऱ्या दारात गेलेला असतो. "माझ्याकडे आजवर एकही नाही" असं जे म्हणतात, त्यांनी तीन महिन्यांनी पेशंटला एक फोन करून पाहावा.

मागच्या वर्षी माझ्या वहीत पुन्हा तसंच दिसलं: अकरावा दिवस ८५, तेरावा ७४. मी त्याच दुपारी फोन केला. त्या सर्जननी ताप विचारला नाही. म्हणाले, "परवा किती होता?" मी सांगितलं. म्हणाले, "आत्ता पाठवा, काही खायला देऊ नका, गोळी तर अजिबात नको." संध्याकाळी सुई घातली. गडद, जुनं रक्त निघालं, दोन सिरिंज भरून. पेशी कमी, कल्चर चौदा दिवस ठेवलं, काही उगवलं नाही. रक्त काढल्यावर दाब उतरला आणि पंधराव्या दिवशी आकडा ९० झाला. मी ओशाळून म्हणाले, "सर, तुम्हाला उगाच धावपळ." ते म्हणाले, "पुढच्या वेळीही कराच फोन." तो आकडाही वहीत लिहून ठेवलाय. ८५, ७४, ९०.

आपली नम्र,
एक फिजिओथेरपिस्ट